गाडीतल्या कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह बसवताना

‘पेनड्राइव्हच्या जमान्यात सीडी कशाला?’ हे मला इतक्या जणांनी विचारलं की उत्तर पाठ झालंय. सासऱ्यांकडे नाट्यसंगीताच्या दोन खोके भरून सीडी आहेत, आणि त्या सगळ्या घरी बसून कॉपी करण्याइतका उत्साह माझ्यात नाही. गाडीत घातली की वाजली पाहिजे, बस.

माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये कॉम्प्युटर आधीपासून होता. मिनी-आयटीएक्स बोर्ड (छोटा मदरबोर्ड) डाव्या सीटखाली, 7 इंची टचस्क्रीन स्टिरिओच्या जागी, आणि पॉवरला एम2-एटीएक्स, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर पीसी चालवणारा सप्लाय. हा सप्लाय 6 ते 24 व्होल्टवर चालतो, म्हणून स्टार्टर मारताना बॅटरी खाली गेली तरी कॉम्प्युटर बंद पडत नाही. नव्याने करणाऱ्यांनी या बाबतीत पैसे वाचवू नयेत. साधा इन्व्हर्टर आणि घरचा सप्लाय लावून गाडीत पीसी चालवणारे मी पाहिलेत, पण दर वेळी किल्ली फिरवली की त्यांचा पीसी रीस्टार्ट होतो.

डीव्हीडी ड्राइव्ह सीडीही वाचतो. तो घेतला लॅपटॉपचा, पण स्लॉट-लोड, म्हणजे फटीतून सीडी आत ओढणारा. ट्रेवाला फुकट मिळत होता, तरी नको म्हटलं. ट्रे बाहेर आला की गिअरच्या दांड्याला अडणार, आणि खड्ड्यात खडखडणार ते वेगळंच. जाडी 12.7 मिमी, म्हणजे एसीच्या बटणांखाली पार्किंगच्या पावत्या कोंबायचा जो कप्पा असतो त्यात आरामात मावतो. कप्प्याची मागची भिंत तेवढी कापावी लागली.

बॅटरीची निगेटिव्ह तार दहा नंबरच्या पान्याने आधी काढून ठेवली. पॅनेलच्या क्लिपा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटल्या, स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडे पडतात. ड्राइव्हला एम2 चे, म्हणजे 2 मिमी जाडीचे, 3 मिमी लांब स्क्रू लागतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, शेवटी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने मूठभर दिले. यापेक्षा लांब स्क्रू चालवून घेऊ नका, टोक थेट आतल्या यंत्रणेला जाऊन भिडतं.

आता केबल. ड्राइव्ह बोर्डाला जोडणारी साटा केबल एक मीटरच्या पुढे नेता येत नाही, आणि सीटखालून कार्पेटच्या कडेने डॅशबोर्डापर्यंत सहज दीड मीटर होतो. म्हणून साटा-टू-यूएसबी अडॅप्टर. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, पण डिस्क फिरायला सुरुवात होताना ड्राइव्ह दीड अँपिअरच्या आसपास ओढतो. त्यामुळे पॉवरसाठी दुसरा प्लग असलेली तयार केबल पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून आणली आणि तो प्लग सरळ सप्लायच्या 5 व्होल्टला जोडला.

ड्राइव्ह दिसला. सीडी आत ओढली, घरघर सुरू झाली आणि ड्राइव्ह गायब. परत दिसला, परत गायब. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, ड्राइव्ह गेलाय, दुसरा घेऊन जा.’ मी आधी मल्टिमीटर लावला, तोही ड्राइव्हच्या टोकाला. सप्लायपाशी मोजून काही कळत नाही. नुसता असताना 5.0 व्होल्ट, डिस्क फिरायला लागली की 4.2. अशा ड्राइव्हला 4.75 च्या खाली चालत नाही. तयार केबलमधली तार केसासारखी बारीक. तसल्या तारेचा रोध मीटरला 0.2 ओहमच्या पुढेमागे असतो. जाऊन-येऊन तीन मीटर धरा, दीड अँपिअरने गुणा, जवळजवळ एक व्होल्ट तारेतच खर्च होतो. घराच्या वायरिंगची 1.5 चौरस मिमीची तार ओढली की तोच तोटा 0.05 व्होल्टवर येतो. मी गाडीच्या वायरिंगची तेवढ्याच जाडीची तार घेतली, कारण ती वाकवायला लवचिक असते. सुरुवातीचा झटका सांभाळायला ड्राइव्हच्या टोकाला 1000 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर डकवला आणि यूएसबी केबलमधली पॉवरची लाल तार कापून टाकली, म्हणजे पॉवर एकाच वाटेने येते. त्यानंतर ड्राइव्ह एकदाही गायब झालेला नाही.

मग स्पीकरमधून शिट्टी यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढायची. ड्राइव्हचं पत्र्याचं अंग ब्रॅकेटमधून गाडीच्या बॉडीला टेकत होतं, आणि त्याची निगेटिव्ह सप्लायकडूनही येत होती. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या की बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज साउंडमध्ये घुसतोच. ब्रॅकेट आणि बॉडीच्या मध्ये रबरी बुशिंग घातले, शिट्टी गेली. हादरे कमी झाले हा वर फायदा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ड्राइव्हच्या तोंडावर बसवायच्या पट्टीने. कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. 3 मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये सीडी जाईल एवढी फट करवतीने कापायची आणि कानसेने घासत बसायचं. फट ड्राइव्हच्या तोंडाशी जराशी जरी वरखाली झाली, तर सीडीची कड घासते. कोणत्या बाजूला घासते ते कळावं म्हणून जुन्या सीडीच्या कडेला मार्करची शाई लावली. आत-बाहेर केली की पट्टीवर जिथे काळं उमटेल तिथेच कानस. दुसरी भानगड अशी, की पट्टी ड्राइव्हच्या पुढे जितकी जाड, तितकी बाहेर आलेली सीडी बोटाला कमी सापडते. म्हणून मधोमध अर्धगोल खाच काढली, अंगठा बसेल एवढी. फटीला आतून फेल्टच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. पुण्याची धूळ लेन्सवर बसायला वेळ लागत नाही.

माझ्या ड्राइव्हला ना बटण आहे, ना पिन घालायचं भोक. पॉवर गेली की सीडी आत अडकली. त्यामुळे स्क्रीनवर इजेक्टचं मोठं बटण ठेवलंय, आणि किल्ली बंद केली की शटडाउनआधी कॉम्प्युटर सीडी आपोआप बाहेर ढकलतो. सप्लाय तेवढा वेळ देतो.

खड्ड्यांचं काय? लॅपटॉपचा ड्राइव्ह टेबलावर बसून वाचायला केलेला, कात्रजच्या रस्त्यावर तो अडखळणारच. म्हणून थेट वाजवतच नाही. सीडी आत गेली की ती हार्डडिस्कवर उतरते आणि गाणं तिथून वाजतं. 8 एक्सने, म्हणजे वाजण्याच्या आठपट वेगाने, 48 मिनिटांची सीडी कागदावर 6 मिनिटांत उतरते, सिग्नल आणि खड्डे धरून थोडी जास्त. वेग मी लिनक्समधल्या एचडीपार्म नावाच्या कमांडने मुद्दाम 8 वर बांधलाय. पूर्ण वेगात ड्राइव्ह एवढा घोंघावतो की तान ऐकू येत नाही. आणि हो, एकदा वाजलेली सीडी डिस्कवर राहतेच, म्हणजे ती दोन खोकी आपोआप कॉपी होत चाललीत.

मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी उघडली की लगेच सीडी घालत नाही. ड्राइव्हची मर्यादा साधारण 50 अंश सेल्सिअसची आणि डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर गेलेला असतो. एसी लावायचा, काचा खाली करायच्या, मग सीडी. सासरे गाडीत असले की तेवढं थांबायला तयार नसतात. पुढचं काम म्हणून त्या कप्प्यात एसीची हवा वळवणारी एक नळी टाकायचा विचार आहे.