बारदानासकट

14 मे, लातूर. रात्रीचे साडेअकरा.

लाइट गेलीय. गच्चीवर पाणी मारून दोन तास झाले, तरी गादीखालून फरशीची धग लागतेच आहे. दुपारी 42 होतं. मोबाइलच्या उजेडात लिहितेय, किडे येतायत.

संध्याकाळी सगळ्यांना फेब्रुवारीतले कॅलिफोर्नियातल्या ट्रकीचे फोटो दाखवले. बर्फ, मी उडवत नेलेलं चार सीटचं पांढरं सेस्ना विमान, मी स्की घालून आडवी पडलेली. काकूने विचारलं, थंडी किती. चुलतभावाने विचारलं, तासाला किती पैसे पडतात. मावशीने नेहमीचं विचारलं. अण्णा तेवढे फोटो डोळ्यांशी धरून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्यात बसायच्या आधी तुमाला तोलत असतील की?"

चाळीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी होता हा माणूस. आजवर ज्यांना ज्यांना ही सफर सांगितली, त्यांच्यापैकी कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या सफरीतला निम्मा वेळ त्यातच गेला होता.

म्हटलं, तोलतात. आपलं आपणच तोलायचं असतं. आमच्या फ्लाइंग क्लबचं ते सेस्ना 172 जास्तीत जास्त 1,157 किलोचं होऊन उडू शकतं. रिकामं असताना ते 770 भरतं. उरले 387. टाक्या काठोकाठ भरल्या तर 200 लिटर, म्हणजे 144 किलो पेट्रोलच. मग माणसं आणि सामान मिळून 243. आम्ही निघणार होतो चौघं.

अण्णांनी मनातल्या मनात आकडा मांडला आणि म्हणाले, "एक कट्टा खाली उतरवा."

तसंच झालं. एकाला गाडीने पाठवलं, तो अजून टोमणे मारतो. उरलेल्या दोघांनी मला मेसेजवर आपापली वजनं कळवली होती. माझं धरून बेरीज 203.

"बारदानासकट का बिगर बारदान?"

इथे मला हसू आवरेना. कारण नेमका तोच घोळ होता. लोक सांगतात ते सकाळी उपाशीपोटीचं, अनवाणी वजन. स्कीचे बूट जोडीला चार-पाच किलोंचे. त्यावर हेल्मेट, जाड जॅकेट, स्की, काठ्या, डबे. आम्ही तिघं सगळं अंगावर चढवून हँगरमधल्या काट्यावर उभे राहिलो. 251. म्हणजे बारदानच 48 किलो! मग पेट्रोल दीडशे लिटरवर आणलं, तेव्हा कुठे 28 किलो शिल्लक राहिले. दीड तासाच्या वाटेला दीडशे लिटर पुरून उरतं. डोंगर ओलांडून जाता आलं नाही, तर परत फिरायलाही पुरतं.

स्की लांबलचक, त्या मागच्या सीटची एक बाजू पाडून मधोमध बांधल्या. सगळं सामान शेपटीकडे टाकलं तर काय होतं, हे अण्णांना समजावून सांगायला लागलंच नाही. "गाडी उलाळ होती," ते म्हणाले. बैलगाडीचं जू वर उचललं जातं तसं विमानाचं नाक वर जातं आणि खाली आणायला हात पुरत नाही. अमेरिकन मास्तरने हे शिकवायला फळ्यावर अर्धा तास घालवला होता.

मग मी त्यांना दुसरी गंमत सांगितली. ती मलाही आज दुपारी गरम होत असताना सुचली.

विमानाला उंची फुटांत कळत नाही, हवा किती दाट आहे तेवढं कळतं. हवा तापली की विरळ होते. पंखाला धरायला कमी, पंख्याला ढकलायला कमी, इंजिनलाही कमी. ढोबळ हिशोब असा, की त्या उंचीवर जेवढं तापमान धरलेलं असतं, त्यापेक्षा दर अंश सेल्सिअस जास्त असेल तर 120 फूट वाढवायचे. लातूर दोन हजार फुटांच्या आसपास, तिथे 11 अंश धरलेले. आज 42. म्हणजे 31 अंशांचे 3,700 फूट. आज दुपारी दोनला लातूरच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान स्वतःला 5,700 फुटांवर समजत असणार.

ट्रकीचा विमानतळ सिएरा नेवाडा डोंगरात, सुमारे 5,900 फुटांवर. तिथे 3 अंश धरलेले, आम्ही उतरलो त्या सकाळी उणे 7 होतं. उलटा हिशोब: 4,700. म्हणजे विमानाला विचाराल तर बर्फातल्या त्या डोंगरापेक्षा आपलं लातूर हजार फूट उंच! अण्णांनी यावर फक्त "म्हणूनच दम लागतोय" एवढंच म्हटलं आणि पाणी मागितलं.

खरी भीती हवेच्या विरळपणाची नव्हती, वाऱ्याची होती. तिकडे हिवाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, चढावर वर सरकतं, माथा ओलांडला की पलीकडे धबधब्यासारखं कोसळतं, आणि ट्रकी नेमकं पलीकडे. माथ्यावर 25 नॉटच्या (ताशी सुमारे 46 किलोमीटर) वर वारा असेल तर लहान विमान घेऊन जायचंच नाही, असं आम्हाला शिकवलेलं. पहिला शनिवार त्यातच रद्द झाला. आकाश निळंशार, सगळे तयार, आणि मी नाही म्हटलं. त्या दिवशी मी कुणाचीच लाडकी नव्हते.

पुढच्या शनिवारी सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यूवरून साडेसातला उडालो. खालच्या खोऱ्यात तिथलं ते प्रसिद्ध टूली धुकं, गादीतला कापूस पसरल्यासारखं. सॅक्रामेंटो त्यात बुडालेलं. मग 80 नंबरचा हायवे धरून वर वर. 9,500 फुटांना पोचेपर्यंत चढण्याचा वेग इतका मंदावला की मागच्या सीटवरून "आपण थांबलोय का?" असं विचारलं गेलं. लाल नॉब ओढत पेट्रोलचं मिश्रण पातळ करत गेले, नाहीतर इंजिन गुदमरतं. डोनर पास या खिंडीकडे सरळ न जाता तिरकी गेले, 45 अंशांत, म्हणजे काही बिनसलं तर अर्धंच वळण घेऊन पाठ फिरवता येते. ओलांडताना एकदा जमीन सुटल्यासारखी 300 फूट खाली गेले. स्कीच्या काठ्या खणखणल्या. कुणी बोललं नाही. मग डोनर तलाव दिसला, आणि त्याच्यापुढे बर्फाच्या दोन भिंतींमध्ये घासून काढलेली काळी पट्टी.

स्कीविषयी लिहिण्यासारखं फार नाही. सहा वर्षांची पोरं माझ्या बाजूने सुर्रकन गेली.

लिफ्टमध्ये बसल्यावर मात्र एक सारखं डोक्यात येत होतं. कॅलिफोर्नियाचं साधारण 30 टक्के पाणी म्हणजे हाच बर्फ, उन्हाळ्यात हळूहळू वितळून खाली येणारा. मी त्यावरून घसरत होते. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आम्ही घागरी घेऊन रांगेत होतो. हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "म्हंजी त्यांनी तळंच डोंगरावर ठिवलंय."

रविवारी सकाळी पंखांवर खडीसाखरेसारखं दव गोठलेलं. ते दिसायला काहीच नाही, पण त्याने पंखाची उचलायची ताकद कमी होते, म्हणून विमान उन्हात वळवून ठेवायचं आणि वाट बघायची. इंजिनात गरम हवेची नळी घातली. हे सगळं होईपर्यंत दहा वाजले, आणि माथ्यावरचा वारा 30 च्या वर गेला होता.

विमान तिथेच दोरांनी बांधून ठेवलं आणि गाडीवाल्याला फोन केला. मघाशी म्हटलं तो टोमणा त्याने तिथे पहिल्यांदा मारला. चाकांना साखळ्या लावून, गाड्यांच्या रांगेत, घरी पोचायला नऊ तास. आठवड्याने परत जाऊन विमान आणलं. सोमवारची सुट्टी गेली, साहेबाचं तोंड बघावं लागलं.

अण्णांनी फक्त विचारलं, "हप्ताभराचं भाडं किती लागलं?" सांगितल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावले होते की नाही, कळलं नाही.

16 मे.

निघायचंय. आईने काळं तिखट, येसर, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो तूरडाळ असं भरून ठेवलंय. विमान कंपनीची मर्यादा 23 किलोंची. अण्णांनी माळ्यावरून जुना स्प्रिंगकाटा काढला, बॅगेच्या कानात आकडा अडकवला आणि दोन्ही हातांनी उचलून धरला. हात थरथरले, तरी काटा स्थिर होईपर्यंत सोडला नाही. साडेचोवीस.

मी डाळ काढायला गेले तर हात धरला. बॅग रिकामी करायला लावली आणि नुसती बॅग तोलली. साडेचार.

"हे बारदान बदल," म्हणाले, आणि शेजाऱ्यांकडे हलकी बॅग मागायला गेले.