चिखलदऱ्याच्या वाटेवर गॅसवरचा फ्रीज

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अमरावतीहून परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह आणि धारणी असा पाच दिवसांचा प्रवास आम्ही आमच्या कॅराव्हॅनने, म्हणजे राहण्याझोपण्याची सोय असलेल्या गाडीने केला. चिखलदऱ्याचे पॉइंट आणि मेळघाटचे जंगल यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मी लिहिणार आहे ते गाडीतल्या फ्रीजविषयी, कारण सोबत वडील होते, त्यांचे इन्सुलिन होते, आणि अमरावतीत पारा ४२ अंशांच्या वर गेलेला होता.

आमचा फ्रीज घरच्या विजेवर, गाडीच्या १२ व्होल्टवर आणि एलपीजीवर अशा तिन्ही प्रकारे चालतो. पहिला मुक्काम परतवाड्याजवळ ओळखीच्या एका संत्र्याच्या बागेत होता. आंबिया बहाराची फळे जेमतेम सुपारीएवढी झाली होती. मी गाडीच्या बाहेरच्या बाजूची जाळी काढून बर्नर पेटवू लागलो, तेव्हा बागमालक काका शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, थंड कराले जाळ काहून लागते?" प्रश्न अगदी योग्य होता. या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. पाण्यात विरघळलेला अमोनिया ज्योतीच्या उष्णतेने वाफ होऊन वेगळा होतो, मागच्या नळ्यांत थंड होऊन द्रवरूप होतो, मग आतल्या भागात हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो खाण्यापिण्याच्या वस्तूंची उष्णता ओढून घेतो. शेवटी पाण्यात शोषला जाऊन तो परत ज्योतीपाशी येतो. ही युक्ती स्वीडनमधील फॉन प्लाटेन आणि मुंटेर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधली. आतला द्रव केवळ स्वतःच्या वजनाने उतारावरून वाहतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे चिखलदऱ्यात मला तिनेच धडा शिकवला.

बागेत मात्र अडचण वेगळी होती. बटण दाबून धरले की ज्योत पेटे आणि सोडले की विझे. अशा वेळी आधी गाडीतली शेगडी पेटवून पाहावी. ती निळी आणि स्थिर जळली, म्हणजे सिलिंडर आणि रेग्युलेटर ठीक होते आणि दोष त्यांच्या पुढे, फ्रीजच्याच बाजूला होता. गाडी दिवाळीपासून उभी असल्याने नळीत हवा भरलेली असणार, म्हणून बटण अर्धा मिनिट दाबून धरून पाहिले, तरी गुण आला नाही. ज्योतीच्या उष्णतेवर किंचित वीज निर्माण करून गॅसची झडप उघडी ठेवणारे थर्मोकपल नावाचे एक बारीक टोक तिथे असते. ते काजळीने माखले होते. बारीक पॉलिश पेपरने ते घासले, टोक ज्योतीत नीट बुडेल असे बसवले आणि ज्योत टिकली.

टिकली, पण पिवळी. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडणे, काजळी धरणे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होणे. तिच्यावर फ्रीज चालू ठेवून गाडीत झोपणे जिवावर बेतू शकते. सिलिंडर बंद केला, बर्नर गार होऊ दिला आणि टॉर्च लावून पाहिले, तर बर्नरच्या हवेच्या छिद्रात कुंभारीण माशीने मातीचे सुबक घर बांधलेले होते. खरवडल्यावर आतून वाळून कोळ झालेल्या तीन हिरव्या अळ्या निघाल्या. तिच्या पिलांची शिदोरी आमच्या फ्रीजमध्ये, आणि आमचे दूध नासलेले!

बर्नरचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, काढण्यासाठी परतवाड्याच्या बाजारातल्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका दादांना बोलावले. त्यांनी कधी असा फ्रीज पाहिला नव्हता, तरी बर्नर मात्र लगेच ओळखला. त्यांनी खिशातून स्टोव्हची पिन काढली, तेव्हा मी नम्रपणे थांबवले, कारण या जेटचे छिद्र केसाएवढे असते आणि पिनेने ते किंचितही मोठे झाले तर ज्योत कायमची बिघडते. जेट स्पिरिटमध्ये भिजवून ठेवावे, फुंकर मारून वाळवावे आणि एवढ्याने भागले नाही तर नवे घालावे. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून फुगे येतात का ते पाहावे. काडी ओढून गळती शोधू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक असलेच पाहिजे. हॉटेलच्या भट्टीचा उच्च दाबाचा रेग्युलेटर या फ्रीजला कधीही लावू नये.

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली रात्र गार होती. ज्योत निळी, हवा गार, तरीही सकाळी फ्रीजमध्ये १५ अंश! मी आधी थर्मोस्टॅट वाढवला, मग जेटवर संशय घेतला, आणि तासभर वाया गेल्यावर गवंड्याची पाणसळ फ्रीजच्या तळावर ठेवली. गाडी डावीकडे बरीच झुकली होती. उतारावर द्रव एकाच जागी अडकतो आणि शीतकरण थांबते. दिवसेंदिवस तसेच चालवले तर फ्रीज कायमचा निकामी होऊ शकतो. डाव्या चाकांखाली फळ्या घातल्या, तरी दुपारपर्यंत वाट पाहावी लागली, कारण हा फ्रीज तासातासाने थंड होतो. म्हणून मुक्कामाला पोहोचताच, चहा ठेवण्याच्याही आधी, पाणसळ काढावी. धावत्या गाडीत द्रव हलत राहतो, त्यामुळे घाटातल्या चढउतारांची चिंता करू नये.

चालत्या गाडीत आणि पेट्रोल पंपावर ज्योत बंदच हवी. तेव्हा १२ व्होल्ट लावावे. त्यावर आहे तो गारवा टिकतो, वाढत नाही, आणि गाडी उभी असताना ते चालू राहिले तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. सेमाडोहच्या बाजूला मी ज्योत पेटवलीच नाही. उन्हाळ्यात साग पानगळ करून मोकळा झालेला असतो आणि खाली पाचोळ्याचा थर असतो.

धारणीला उन्हाने परीक्षा पाहिली. फ्रीजच्या मागची उष्णता बाहेर पडली नाही तर आत गारवा येत नाही, म्हणून जाळीची बाजू सावलीत येईल अशी गाडी लावली आणि वरच्या जाळीमागे संगणकातला छोटा १२ व्होल्टचा पंखा बसवला. दुपारी फ्रीजमध्ये १२ अंशांवर अडलेला पारा संध्याकाळी सात अंशांवर आला. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंशांत ठेवायच्या असतात, पण त्या मागच्या थंड पत्र्याला टेकू देऊ नयेत. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते. वापरात असलेली कुपी मी ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या माठात, कोरड्या डब्यात ठेवली. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात माठ फार इमानाने काम करतो.

अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागच्या नळ्यांवर पिवळसर डाग दिसले, तर मात्र यातले काहीही करू नये. गॅस बंद करून, दारे उघडून बाहेर पडावे. ती बंद नळी फुटलेली असते आणि रस्त्यावर तिची दुरुस्ती होत नाही.

परतल्यावर मी धुराड्याच्या आणि खालच्या जाळीच्या तोंडावर जुन्या धोतराचे फडके बांधले आहे. ते काढायला विसरून बर्नर पेटवू नये म्हणून त्याच धोतराची एक पट्टी बर्नरच्या बटणालाही बांधून ठेवली आहे.