तुम्ही विचारलंत म्हणून: कशाचा डिप्लोमा?

‘मेकॅनिकल का सिव्हिल?’ हा माझ्या मामाचा प्रश्न. अकरावी-बारावीच्या जागी मी दोन वर्षांचा डिप्लोमा करतेय एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं, आणि आमच्या यवतमाळातल्या पांढरकवड्याकडे डिप्लोमा म्हटलं की पॉलिटेक्निक, नाहीतर डी.एड. आता ज्यांना थोडंफार माहीत झालंय ते दुसरं विचारतात, बहुतेक वेळा लग्नाच्या पंगतीत: ‘त्या इंटरनॅशनल डिप्लोम्याचा फायदा काय झाला? आमच्या पोरीला टाकावं का?’ पंगतीत नीट सांगता येत नाही. वाढपी मधे येतो.

तर आधी तो आहे काय ते. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, ही १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेली संस्था. तिच्या डिप्लोम्याला सहा विषय, त्यातले साधारण तीन वरच्या पातळीवर. सायन्स घेतलं तरी अर्थशास्त्र किंवा इतिहासासारखा एक विषय सुटत नाही, आणि गणिताचं नाव काढलं की पळणाऱ्यालाही गणित सुटत नाही. प्रत्येक विषयाला सातपैकी गुण, झाले ४२. वरचे तीन मिळतात एका ४,००० शब्दांच्या निबंधाचे आणि ‘थिअरी ऑफ नॉलेज’ नावाच्या विषयाचे (आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून, हे विचारणारा) मिळून. शिवाय खेळ, कला, समाजसेवा यांचा एक भाग असतो. त्याला गुण नाहीत, पण तो केला नाही तर डिप्लोमाही नाही. घरच्या वावरात कापूस वेचला तर तो यात धरतील का, असं मी विचारलं होतं. नाही म्हणाले. घरचं काम ते घरचं काम.

मी नवोदयची. दहावीनंतर पुण्याकडच्या एका निवासी शाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये पेटी घेऊन गेले. शिष्यवृत्ती नसती तर हा विषय घरात निघालाच नसता. वर्षाची फी लाखांत असते.

ते वर्ष आमच्याकडे कोणी विसरणार नाही. यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, आणि जो बीटी कापूस बोंडअळीला दाद देत नाही म्हणून घेतला होता, त्याच्याच बोंडांत गुलाबी बोंडअळी निघाली. डिसेंबरच्या सुट्टीत घरी आले तेव्हा शेजारच्या काकांनी वैतागून पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या उभ्या झाडांवर, रोटाव्हेटर फिरवला होता. बाबांनी मात्र फरदड ठेवली होती, म्हणजे हंगाम संपला तरी पऱ्हाटी तशीच उभी. पाणी देऊन क्विंटल-दोन क्विंटल अजून निघेल, एवढीच आशा. फरदड ठेवली की अळीलाही पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं, हे त्यांनाही माहीत होतं. पण कृषी केंद्राची उधारी होती.

त्यावर मी तो ४,००० शब्दांचा निबंध करायचा ठरवला. त्याच कृषी केंद्रातून सहा कामगंध सापळे आणले. आत मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासाला नर पतंग येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. तीन सापळे आमच्या फरदडीत लावले, तीन काकांच्या मोकळ्या वावरात. १६ डिसेंबरपासून बारा रात्री. रोज सकाळी वही घेऊन पिशव्या उलट्या करायच्या आणि ते करड्या भुशासारखे पतंग काडीने एकेक बाजूला करत मोजायचे. पहिल्या सकाळी आमच्याकडे २३, ३१ आणि १९. काकांकडे ४, ६, २. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली असं धरतात. आमच्याकडे ती वेळ कधीच टळून गेली होती. चौथ्या रात्री काकांकडचा एक सापळा गायब झाला. त्याची पिशवी दोन दिवसांनी बकऱ्या चारणाऱ्या पोराच्या डब्याला गुंडाळलेली दिसली. त्याला काय बोलणार, डबा गळत होता त्याचा.

बाबा धुऱ्यावर उभे राहून बघायचे. ‘मोजून काय करतं? आहेच ना ते.’

१८ तारखेला अमावस्या होती. त्या रात्रीनंतर आमच्या सापळ्यांतले आकडे वाढले आणि बाबा खूश झाले, कारण अमावस्येला पतंगाचा जोर असतो हे ते सांगतच आले होते. मी उत्साहाने निबंधात एक अख्खा परिच्छेद घातला. मार्गदर्शक बाईंनी त्यावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं: ‘एकच अमावस्या?’ आणि खाली: ‘दोन शेतांत फरक फक्त पऱ्हाटीचाच होता, हे कशावरून?’ काकांच्या वावराला लागून रस्त्याचा दिवा होता. मी तो कुठे लिहिलाच नव्हता. रोज त्याच्याच खांबाला सायकल टेकवायचे.

फोनवर बाबांना सांगितलं की एका अमावस्येवरून काही म्हणता येत नाही. ते म्हणाले, ‘मंग माह्या तीस वर्साच्या अमावशा धर ना त्यात.’

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. बाबांनी तीस वर्षं पाहिलंय, पण लिहिलेलं नाही. मी लिहिलंय, पण बारा दिवस. दोघांपैकी कोणाला किती माहीत आहे? थिअरी ऑफ नॉलेजचा १,६०० शब्दांचा निबंध मी यावरच ओढला. अमावस्येचा परिच्छेद मोठ्या निबंधातून काढून टाकला आणि दिव्याचा घातला. त्या निबंधाला ‘बी’ श्रेणी मिळाली.

मे २०१९ मध्ये परीक्षा झाली, जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. ४५ पैकी ३३. पास व्हायला निदान २४ लागतात, म्हणजे बरंच बरं. मामाने आईला फोन केला, ‘बाई, तेहतीस म्हंजे गेलीच ना हे. पस्तीसले पास असते.’ मामाला निदान समजावता आलं. एका कॉलेजच्या खिडकीवर तेही जमलं नाही. फॉर्मवर टक्क्यांचा रकाना, माझ्याकडे टक्केच नाहीत. भारतीय विश्वविद्यालय संघ हा डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा मानतो, त्याचा दाखला आणा म्हणाले. तो आणेपर्यंत दोन याद्या लागून गेल्या होत्या.

म्हणून पंगतीतल्या प्रश्नाला माझं उत्तर असं. पोरीला नीट किंवा जेईई द्यायची असेल तर यात टाकू नका. त्या परीक्षांची तयारी वेगळी, इथलं लिखाण वेगळं, आणि दोन्ही ओढताना झोप नावाची गोष्ट उरत नाही. माझ्या वर्गात दोघांनी ओढलं, एकाने मधेच सोडलं. कर्ज काढून तर मुळीच नको. मी आज वर्ध्याला कापसाच्या शेतकऱ्यांबरोबर काम करते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा हिंगणघाटच्या ज्युनियर कॉलेजातून आलाय आणि बोंडअळी माझ्याहून लवकर ओळखतो. पगार सारखाच.

पण जिथे पैशाची गरज बघून मदत मिळते, तिथे अर्ज जरूर करा. मुळशीचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून आहे, ते अशी मदत देतं. मात्र पोरगं तसं असलं पाहिजे. तसं म्हणजे कसं, ते मला नेमकं सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या त्या रोटाव्हेटरवाल्या काकांच्या नातीने विचारलं. तिला डॉक्टरच व्हायचंय. मी नको म्हटलं. तिचा भाऊ नववीत आहे, तो ऐकत बसला होता. जाताना म्हणाला, ‘ताई, दिव्याखाली जे पतंग येतात, ते पण नरच असतात का वो?’ मला माहीत नव्हतं. त्याला म्हटलं, उद्या एक पांढरं कापड घेऊन ये, खांबाखाली अंथरून बघू.