नवा सेट, नवी पट्टी आणि शेतकऱ्यांच्या डोक्यावरचा रफार

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या वाहिनीचा 'लूक' बदलायचं ठरलं. मीटिंगमध्ये अँकर मंडळींनी नव्या डेस्कची चौकशी केली, संपादकांनी टीआरपीची, अकाउंट्सवाल्यांनी बिलांची. मी विचारलं, "पट्टीचं काय?" कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी ग्राफिक्सवाला. एका मराठी वृत्तवाहिनीत तेव्हा अकरावं वर्ष काढत होतो. पडद्याच्या तळाशी सरकणारा टिकर आणि त्याच्या वरचा ॲस्टन, म्हणजेच ती पट्टी, ही माझी जहागीर. बोलणाऱ्याचं नाव किंवा बातमीची ओळ ज्या पाटीवर येते तिला आमच्याकडे ॲस्टन म्हणतात. मुळात हे अक्षरं उमटवणारी यंत्रं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचं नाव. ती यंत्रं आता कोणी वापरत नाही, पण पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून बुलेटिन चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये, अजूनही "ॲस्टन दे रे!" अशीच हाक येते.

जुना सेट तोडून त्याच जागी नवा उभारायचा होता, म्हणून दोन महिने आम्ही बाजूच्या छोट्या खोलीत हिरव्या पडद्यापुढे संसार मांडला. हिरवा रंग काढून टाकायचा आणि तिथे संगणकातला सेट बसवायचा, एवढंच तंत्र. नेमकी आमची एक अँकर नुकतीच लग्न होऊन रुजू झाली होती, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. पहिल्याच ट्रायलला तिचे पंजे हवेत तरंगताना दिसले, मधला हात गायब. चुडा उतरवायला सांगायची कोणाची टाप नव्हती. मग सव्वा महिना ती पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून बातम्या वाचत होती, तेही ऐन सप्टेंबरच्या उकाड्यात.

ऑक्टोबरमध्ये एलईडी भिंत लागली. दिव्यांच्या दोन ठिपक्यांत १.९ मिलिमीटर अंतर, म्हणजे जवळून उभं राहून बघितलं तरी डोळ्याला ठिपके टोचत नाहीत. कॅमेऱ्याला मात्र टोचले. अँकरच्या खांद्यामागे पाण्यावर तेल सांडल्यासारख्या रेघा वळवळायला लागल्या. भिंतीवरच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची जाळी एकमेकींवर पडल्या की तिसरीच नक्षी तयार होते. बारीक चौकड्यांचा शर्ट टीव्हीवर लखलखतो तो याच कारणाने. भिंत बसवणारे म्हणाले कॅमेरा बदला, कॅमेरावाले म्हणाले भिंत बदला. शेवटी आमच्या सगळ्यात जुन्या कॅमेरामनने कोणालाही न विचारता डेस्क पाच फूट पुढे ओढायला लावला, लेन्सचा आयरिस, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, मोठं उघडलं, त्या हिशेबाने वरचे दिवे मंद केले आणि भिंतीचा प्रकाश पार खाली आणला. भिंत थोडी धूसर झाली आणि नक्षी गेली. मग लक्षात आलं की भिंतीचा पांढरा रंग आमच्या ५६०० केल्विनच्या दिव्यांपेक्षा निळसर आहे आणि सगळे अँकर तापातून उठल्यासारखे दिसताहेत. त्यात आणखी दोन दिवस गेले.

डेस्क पुढे आल्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात नव्हता. आता वाइड शॉटमध्ये पाय दिसायला लागले. दूरदर्शनवर बातम्या वाचताना स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, कारण कॅमेरा कमरेच्या खाली उतरतच नसे. आमच्याकडे वर ब्लेझर आणि खाली कोल्हापुरी चपला घालून निवांत बसणाऱ्या एका ज्येष्ठ अँकरना त्या दिवसापासून बूट घालावे लागले. त्यांचा माझ्यावर अजून राग आहे. वास्तविक डेस्क मी ओढला नव्हता.

हे सगळं होत असताना पट्टीचं डिझाइन आलं. ते दिल्लीच्या एका एजन्सीने केलं होतं. नमुन्याचा मजकूर हिंदी, अक्षरं सुतासारखी बारीक आणि देखणी. लॅपटॉपवर बघून सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेच आमच्या मॉनिटरवर लावलं, तर प्रत्येक शब्दाची शिरोरेषा थरथरत होती.

कारण साधं होतं. आमचं प्रक्षेपण १०८० ओळींचं, पण इंटरलेस्ड. पूर्ण चित्र एका दमात जात नाही. आधी एकाआड एक ओळी जातात, मग मधल्या राहिलेल्या. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. जी आडवी रेघ एका ओळीइतकीच बारीक असेल ती एका अर्ध्यात असते, दुसऱ्यात नसते, म्हणून लुकलुकते. इंग्रजी अक्षरांना हा त्रास कमी, कारण आडव्या रेघा तुटक असतात. आपली तर अख्खी ओळच दोरीवर वाळत घातलेली! डिझायनर मुलगा भला होता. त्याला मॉनिटरपुढे बसवलं, दोन मिनिटांत तो डोळे चोळायला लागला. अक्षरांचं वजन दोन पायऱ्यांनी वाढवलं, आडव्या कडा किंचित मऊ केल्या, टिकरचा वेग दर अर्ध्या चित्रामागे बरोबर ४ पिक्सेल ठेवला. वेग अपूर्णांकात गेला की अक्षरं ठेचकाळत चालतात.

खरं भांडण पुढेच होतं. टिकरच्या पहिल्या चाचणीत शब्द उमटला, 'शेतकर्यांना'. य च्या डोक्यावर रफार. मराठी वाहिनीवर हा शब्द दिवसातून किती वेळा येतो हे मी सांगायला नको. शिवाय कर्मचाऱ्यांना, अधिकाऱ्यांना आणि आषाढात वारकऱ्यांना. मी एजन्सीला कळवलं. उत्तर आलं, "र ऊपर ही तो जाता है." हिंदीत जातो, हे खरंच. मग मी दोन वाक्यं लिहून पाठवली, 'आचाऱ्यांनी लाडू वळले' आणि 'आचार्यांनी लाडू वळले', आणि खाली अर्थ दिला की पहिल्यात स्वयंपाकी आहेत आणि दुसऱ्यात गुरुजन. त्यानंतर फोन आला.

शोधाशोध केल्यावर निघालं ते असं. आमच्या बातम्या लिहिणाऱ्या डेस्कवर हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होत होता. काही जण खास ऱ हे अक्षर घेऊन पाय मोडत, बाकीचे साधा र घेऊन पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह टाकत. रनडाउनच्या, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम लावायच्या, सॉफ्टवेअरमधून मजकूर ग्राफिक्सकडे येताना ते न दिसणारं चिन्ह वाटेत गळायचं. एकदा गळलं की यंत्राला ओळखता येत नाही, मूळ शब्द दर्या होता की दऱ्या. म्हणून सगळ्या कीबोर्डांची मांडणी एकसारखी केली, आणि जुनी सवय जाणार नाही हे गृहीत धरून दोनशेच्या वर शब्दांची यादी बनवली, जे वाटेतच दुरुस्त होतील. त्यात दर्या मुद्दाम ठेवला नाही. कोकण किनारपट्टीची बातमी असली की आजही तो मी डोळ्यांनी तपासतो.

उरले ल आणि श. फॉन्टमध्ये मराठी वळणाची दोन्ही अक्षरं होती, पण मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नव्हती, हिंदी वळणाचीच उमटत होती. "प्रेक्षकांना फरक कळत नाही," हे मी दोन महिने तीन वेगवेगळ्या केबिनमध्ये ऐकलं. आणि १० नोव्हेंबर २०२२ ला राज्य सरकारचा वर्णमालेचा शासन निर्णय आला. ल पाकळीचा, श देठाचा. मी प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. दोन महिने अडलेलं काम त्याच दुपारी झालं. सरकारी कागदाचा इतका आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

डिसेंबरमधल्या एका सोमवारी पहाटे सहाच्या बुलेटिनला नवा सेट हवेत गेला. रात्रभर कोणी घरी गेलं नव्हतं. पीसीआरमध्ये सगळे भिंतीकडे, डेस्ककडे, ड्रोनसारख्या फिरणाऱ्या जिब कॅमेऱ्याकडे बघत होते. मी खालच्या दीड इंचाकडे. सहा वाजून चार मिनिटांनी 'अवकाळी पावसाने शेतकऱ्यांचे नुकसान' सरळ, स्वच्छ, रफाराशिवाय सरकत गेलं. मागून कोणीतरी चहा पुढे केला. सात, आठ, नऊ, सगळं ठीक.

साडेदहाला कोर्टाची बातमी लागली. वकीलसाहेब पायऱ्यांवर उभे राहून बाईट देत होते आणि त्यांच्या नावाआधी, जिथे 'ॲड.' यायला हवं, तिथे एक रिकामा चौकोन होता, त्याच्यापुढे नुसता 'ड' आणि टिंब. नव्या फॉन्टमध्ये ॲ नव्हताच. माझ्या दोनशे शब्दांच्या यादीत तो एकदाही आला नव्हता. टॉकबॅकवर प्रोड्युसर ओरडला, "ॲस्टन काढ!" मी काढला. अ टाइप करून त्यावर वेगळा चंद्र दिला आणि पाटी पुन्हा चढवली, तोवर वकीलसाहेब गाडीत बसले होते.