कायकोराचा किनारी रस्ता

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पिक्टनहून निघालेला महामार्ग क्रमांक १ ब्लेनहाइमचे द्राक्षमळे मागे टाकून समुद्रकाठी उतरतो आणि मग कायकोरापर्यंत डोंगर व प्रशांत महासागर यांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून रेल्वेमार्गाच्या सोबतीने धावतो. ओहाऊ पॉइंटपाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण खालच्या खडकांवर फर सीलांची, म्हणजे दाट लोकरीसारख्या केसांच्या समुद्री प्राण्यांची, वसाहतच पसरलेली होती. पिल्ले डबक्यांत एकमेकांशी झोंबत होती आणि मोठे सील, जेवणानंतर ओसरीवर आडव्या झालेल्या आजोबांप्रमाणे, कशाचीही दखल घेत नव्हते. त्यांचा वास छायाचित्रांत येत नाही, हे बरेच आहे! १४ नोव्हेंबर २०१६ रोजी झालेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात दरडी कोसळून हा रस्ता बंद पडला, समुद्रतळ काही ठिकाणी कित्येक फूट वर उचलला गेला आणि वाहतूक सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. कायकोराच्या किनाऱ्यालगतच खोल सागरी दरी असल्यामुळे तेथे स्पर्म व्हेल जातीचे देवमासे वर्षभर दिसतात, आणि एकेकाळी देवमाशांच्या शिकारीवर जगलेल्या या गावात आता स्थानिक माओरींची, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची, कंपनी ते दाखवायला बोटी नेते. तिकीट महाग वाटले तरी काढावे. रस्त्यावरून देवमासा दिसेल अशी आशा धरू नये.