तोंडातला फास काढून टाकला त्याची गोष्ट : रिसर्चमधल्या डुकरांसोबत माझा अनुभव

मी व्हेटर्नरी डॉक्टर आहे. हृदयात बसवायच्या उपकरणांच्या चाचण्या जिथे डुकरांवर होतात अशा एका रिसर्च सेंटरमध्ये जनावरांची जबाबदारी माझ्याकडे आहे. डुक्करच का असं बरेच जण विचारतात, तर त्याचं हृदय आकाराने आणि रचनेने माणसाच्या हृदयाच्या बरंच जवळ जातं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी जीन्समध्ये बदल केलेल्या डुकराचं हृदय एका माणसाला बसवलं, तेव्हापासून हे बऱ्याच लोकांना माहिती झालंय. इतकं सगळं आपण या जनावराकडून घेतो तर त्याचे आपल्याकडचे दिवस तरी बरे जावेत असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी आमच्याकडची रक्त घ्यायची आणि डुकरं ठेवायची पद्धत बदलून घेतली. ते कसं जमलं ते सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी जुनी पद्धत सांगते. डुकराच्या शिरा खोल असतात, कानावरच्या सोडल्या तर वरून दिसत नाहीत, म्हणून रक्त मानेतून घ्यायचं आणि त्यासाठी वरच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे तारेचा फास अडकवून एकाने घट्ट धरून ठेवायचं. डुक्कर सगळा जोर लावून मागे रेटतं आणि किंचाळतं, तो आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, कानाला काही लावल्याशिवाय तिथे उभंच राहवत नाही. आणि शेजारच्या पेनमधली (पेन म्हणजे डुकरं ठेवायचा कुंपणाचा कप्पा) सगळी ते ऐकत असतात, एकाचं झालं की पुढचं दार उघडायच्या आधीच कोपऱ्यात अंग चोरून उभं. मग त्याच रक्तात आपण कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं हार्मोन), शुगर, पांढऱ्या पेशी मोजणार! फासाने कॉर्टिसॉल चढतं हे काही नवीन नाही, मग आलेल्या आकड्यात औषधाचा भाग किती आणि भीतीचा किती हे कोण सांगणार? जनावराला त्रास तर होतोच आणि तो सोसून हाती येणारा डेटाही धड नाही, हे मला फार खुपायचं.

बदल करायचा म्हणजे जनावरांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे सुधारित प्रोटोकॉलचा अर्ज. अर्जात ३ आर चा भाग असतोच, म्हणजे रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व, की जमेल तिथे जनावराऐवजी दुसरा मार्ग वापरा, जनावरांची संख्या कमी करा आणि त्रास कमी करा. बहुतेक अर्जांत या तिसऱ्या मुद्द्याखाली ‘भूल आणि वेदनाशामक दिलं जाईल’ एवढी एकच ओळ असते. मी तिथे दिवसवार लिहिलं की डुक्कर आल्यापासून पहिल्या सुईपर्यंत त्याच्यासोबत कोण, किती वेळ आणि काय करत बसणार.

पहिला आक्षेप अर्थातच वेळेचा, प्रोजेक्ट लांबतो म्हणून. तिथे आमचे स्टॅटिस्टिक्सवाले सर मदतीला आले. ते म्हणाले की घाबरलेल्या जनावरांचे आकडे इतके वरखाली होतात की तोच निष्कर्ष काढायला जास्त जनावरं लागतात, शांत असतील तर कमी लागतील. हे कमिटीला पटकन पटलं. मग एकांनी विचारलं की डुकराला बरं वाटतंय हे तुम्ही ठरवणार कसं, आणि प्रश्न रास्तच होता. मी २०२२ चाच एक अभ्यास दाखवला, त्यात ४११ डुकरांचे ७,००० पेक्षा जास्त आवाज रेकॉर्ड करून कॉम्प्युटरला शिकवलं होतं आणि नुसत्या आवाजावरून प्रसंग चांगला होता की वाईट हे त्याने ९२ टक्के वेळा बरोबर ओळखलं. चांगल्या प्रसंगातले आवाज आखूड असतात. शेडमध्ये रोज काम करणारी माणसं हे कानाने ओळखतातच, पण कमिटीला कागद लागतो.

सगळ्यात जास्त चर्चा झाली पेंढ्यावर. डुकराला नाकाने उकरायला, चावायला, शोधायला काहीतरी हवंच असतं, ती त्याची गरज आहे, चैन नाही. स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी एडिनबर्गला फार्मवरची डुकरं मोकळ्या, रानासारख्या कुंपणात सोडून पाहिली तर दिवसाचा बराचसा वेळ ती उकरण्यात आणि हुंगण्यातच घालवायची, माद्या विण्याआधी गवत-काटक्या गोळा करून घरटं बांधायच्या, म्हणजे पिढ्यानपिढ्या शेडमध्ये वाढूनही आतलं डुक्कर तेच राहिलं होतं. आमच्याकडे काय होतं तर साखळी आणि एक प्लास्टिकचा बॉल. बॉल दोन दिवसांत शेणाने माखला की कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पेंढ्याला नाही म्हणायची कारणं दोन, ड्रेनेज तुंबतं आणि इन्फेक्शन येतं. त्यावर आम्ही पेंढा निर्जंतुक करून, बारीक कापून, थोडा थोडा द्यायचं ठरवलं, आणि सोबत सुती दोर टांगले. हे दोर म्हणजे माझी सगळ्यात आवडती गोष्ट, कारण डुकरं ते आनंदाने चावत बसतात आणि नंतर तोच दोर पिळला की लाळेचा नमुना मिळतो, काही आजारांची तपासणी त्यावरच होऊन जाते, एकालाही पकडावं लागत नाही.

एकेकटं ठेवण्याऐवजी ग्रुपमध्ये ठेवायलाही विरोध झाला, भांडतील म्हणून. अनोळखी डुकरं एकत्र आली की भांडतातच, पण सगळ्यांना एकाच वेळी मोठ्या जागेत सोडलं, मध्ये आडोसे ठेवले, खाद्य भरपूर पसरून दिलं तर साधारण एक-दोन दिवसांत कोण वरचढ हे ठरतं आणि मग शांत होतात. युरोपच्या २०१० च्या प्रयोगशाळा-प्राण्यांच्या नियमातही कळपाने राहणाऱ्या जनावरांना सोबत द्यायलाच सांगितलंय. शेवटी एका ग्रुपवर करून दाखवा अशी अट घालून परवानगी मिळाली.

खरं काम तिथून पुढे. सुरुवातीला आम्ही काहीच करायचो नाही, पेनमध्ये बादली उलटी टाकून नुसतं बसायचं. उभ्या माणसाला ती घाबरतात, खाली बसलेल्याजवळ कुतूहलाने येतात, आधी बूट हुंगतात, मग चावतात, मग पँटचा काठ ओढतात. त्यानंतर काठीला लावलेला बॉल, त्याला नाक लावलं की ‘बरोबर’ अशी खूण म्हणून क्लिकचा आवाज आणि सफरचंदाची फोड. हे डुकरं इतकं भराभर शिकतात की थक्क व्हायला होतं, काठीच्या मागे मागे स्वतःहून वजनकाट्यावर चढायला लागली. मग कानाला हात, मग स्पिरिटचा बोळा (त्याचा गार स्पर्श आणि वास त्यांना मुळीच आवडत नाही, त्यावर बरेच दिवस गेले), मग कानाची शीर दाबून धरणं, प्रत्येक पायरीला खाऊ, आणि डुक्कर मागे सरलं की आपण थांबायचं. सुईच्या आधी कानाला बधिरतेचं क्रीम लावून वेळ द्यायचा. ज्यांचं रक्त वारंवार लागतं त्यांना भुलीत असतानाच मानेच्या शिरेत नळी बसवून तिचं टोक पाठीवर आणतो, मग डुक्कर खात असताना मागून नमुना घेता येतो, त्याला पत्ताही लागत नाही.

यात सगळ्यात जास्त वाटा आमच्या शेडवरच्या काकांचा आहे. इतकी वर्षं फास धरायचं काम त्यांच्याकडेच होतं. एकदा सगळी तयारी झाल्यावर ते मला म्हणाले, मॅडम, हिला आज राहू द्या, शेपूट बघा. शेपटीचा वेढा सुटून ती खाली लोंबत होती. ताप पाहिला तर होता. शेपूट खाली जाणं ही खरंच महत्त्वाची खूण आहे, कळपात शेपट्या चावायचं सुरू व्हायच्या आधी बऱ्याचदा तीच दिसते, म्हणून आता रोजच्या नोंदीच्या कागदावर शेपटीचा रकाना आहे आणि ‘आज नको’ म्हणायचा अधिकार काकांना लेखी दिलाय.

पण डुकरं आमच्याकडे येतात ती फार्मवरून, आणि तिथे माणसाची भीती बसली असेल तर आमचा निम्मा वेळ ती घालवण्यातच जातो. म्हणून आम्ही जिथून डुकरं घेतो त्या फार्मवाल्यांशी बोलले. गाभण माद्या तिथे जेमतेम अंगाएवढ्या पिंजऱ्यात असायच्या, वळताही येत नाही, गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा, विचार करा. युरोपियन युनियनमध्ये २०१३ पासून गाभणकाळाचे पहिले चार आठवडे आणि विण्याआधीचा एक आठवडा सोडला तर माद्या कळपातच ठेवाव्या लागतात, ब्रिटनने तर हे पिंजरे १९९९ लाच बंद केले. फार्मवाल्यांना माझं सगळं पटलं असं नाही, विण्याच्या वेळी पिल्लं आईखाली चेंगरतात ही त्यांची काळजी खोटी नाही आणि त्याला जागा, उतरत्या भिंती, पिल्लांसाठी वेगळा उबदार कोपरा असं सगळं लागतं, खर्च येतो. पण आमच्यासाठीच्या पिल्लांच्या शेपट्या कापायच्या नाहीत, पेंढा द्यायचा आणि रोज एका माणसाने शांतपणे पेनमधून फेरी मारायची एवढं त्यांनी मान्य केलं. शेपटी न कापता पेंढा दिला नाही तर चावाचावी होते, दोन्ही एकत्रच करावं लागतं, हे मी त्यांना परत परत सांगितलं.

ऑपरेशननंतरचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. जखमेमुळे काही दिवस डुक्कर वेगळं ठेवावं लागतं, आणि एकटं पडलं की ते खाणं सोडतं. सध्या मधल्या भिंतीत नाकाच्या उंचीवर गज बसवलेत म्हणजे शेजारच्याला नाक लावता येतं पण जखमेपर्यंत पोचता येत नाही, आणि शेजारी शक्यतो त्याच्याच ग्रुपमधलं ठेवतो. परत कळपात कधी सोडायचं याचे निकष ठरवायचा अर्ज आता कमिटीपुढे आहे.