तुम्ही विचारलंत म्हणून: सोंगडोची स्पर्धा दोनच वर्षांत का आटोपली?

"पन्नाशी उलटलेल्यांचं गोल्फ बघतंय कोण? म्हणूनच बंद पडली ना?" सोंगडोचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेलाच. दक्षिण कोरियात इंचॉनच्या किनाऱ्यावर चॅम्पियन्स टूरची, म्हणजे पन्नाशी उलटलेल्या गोल्फपटूंच्या अमेरिकी स्पर्धामालिकेची, ही स्पर्धा 2010 आणि 2011 अशी दोनदाच झाली, हे खरं. पण ती बेचव होती म्हणून संपली, हे मला मान्य नाही.

2011चा शेवटचा दिवस बघा. तीन दिवसांत 54 होल खेळून चौघं बरोबरीत: मार्क ओमेरा, जॉन कुक, ऑस्ट्रेलियाचा पीटर सीनियर आणि जे डॉन ब्लेक. मग सडन डेथ. प्रत्येक होलवर सर्वांत कमी फटके घेणारे टिकतात, बाकीचे बाहेर. एकापेक्षा जास्त उरले तर पुढचा होल. इथे पाच होल लागले! ओमेरा 54 वर्षांचा, 1998चं मास्टर्स आणि ब्रिटिश ओपन या गोल्फच्या मोठ्या स्पर्धा दोन्ही जिंकलेला. ब्लेकच्या नावावर पीजीए टूरचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेचा, एकच विजय, तोही 1991चा. जिंकला ब्लेक. आता यातली खरी मेख. एकूण बक्षीस 30 लाख डॉलर, विजेत्याला साडेचार लाख. हरलेले तिघंही दुसरे धरले जातात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाची रक्कम एकत्र करून तिघांत सारखी वाटतात. म्हणजे पहिल्याच जादा होलवर बाद झालेला आणि शेवटपर्यंत झुंजलेला, दोघांच्या पदरात तेवढंच. आदल्या वर्षीही निकाल प्लेऑफवरच, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा होलवरच, लागला होता. डावखुऱ्या रस कॉक्रनने फ्रेड फंकला हरवलं. गंमत म्हणजे त्याचाही पीजीए टूरवरचा एकमेव विजय 1991चाच.

मग बंद का पडली? पूर्वी मी अंतराला दोष द्यायचो. अमेरिकेतून एका आठवड्यासाठी कोण येणार? पण बक्षीस नेहमीच्या सीनियर स्पर्धांपेक्षा घसघशीत होतं आणि लोक आले. मैदानातही खोट नव्हती. दिग्गज गोल्फपटू जॅक निक्लॉसने आखलेल्या त्याच कोर्सवर 2015चा प्रेसिडेंट्स कप झाला, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकी जगाचा संघ असा सामना. (पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीचा अठराव्या होलवरचा तो छोटा पट (चेंडू होलात ढकलायचा हलका फटका) हुकला तो इथेच. अजून बघवत नाही.)

माझं आजचं मत असं. समुद्रात भर घालून नवं शहर उभं राहत होतं, गोल्फ कोर्स त्याचाच भाग आणि पहिल्या वर्षी स्पर्धेला नावही ते शहर बांधणाऱ्या कंपनीचं, पोस्को ई अँड सीचं. स्पर्धा म्हणजे शहराची जाहिरातच. दुसऱ्या वर्षी ते नाव गेलं. शिवाय सीनियर गोल्फ चालतं ते आठवणींवर. ओमेराला ऐन उमेदीत पाहिलेला प्रेक्षक अमेरिकेत. कोरियाचा हिरो के. जे. चोई, आणि तो तेव्हा जेमतेम 41 वर्षांचा. पन्नाशी त्याने 2020 साली गाठली, 2021 साली सीनियर टूरवर जिंकला, 2024 साली स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला सीनियर ओपनही. स्पर्धा दहा वर्षं आधी भरवली, असं मी हल्ली सांगतो.

सांगतो खरा, पण नारिता आडवं येतं. जपानात 2017 साली अशीच स्पर्धा झाली, कॉलिन मॉन्टगोमेरी जिंकला. जपानला तर स्वतःची सीनियर टूर आहे, प्रेक्षक आहे. तरी पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात ती नव्हती.